बल्लारपूरची ओळख कोण लिहिणार?

२९ मार्च २०२३ रोजी बल्लारपूर नगरीने एक मंगल प्रसंग अनुभवला. अयोध्येतील श्रीराम मंदिराच्या दारांसाठी निवडलेल्या सागवानाचे विधिवत काष्ठपूजन झाले आणि त्याची शोभायात्रा चंद्रपूरपर्यंत निघाली. आलापल्ली परिसरातील अरण्यांत वाढलेले आणि बल्लारपूरच्या आगारातून निघालेले लाकूड रामलल्लाच्या दारी जाणार, या जाणिवेने त्या दिवशी अनेकांचे डोळे पाणावले. पुढे २२ जानेवारी २०२४ रोजी प्राणप्रतिष्ठा झाली आणि अवघ्या देशाने ते मंदिर पाहिले.

आता पुण्यातील किंवा न्यू जर्सीतील एखाद्या मराठी कुटुंबाची कल्पना करावी. अयोध्येचे दर्शन घेऊन परतलेला घरातील मुलगा विचारतो, "या दारांचे लाकूड आपल्या महाराष्ट्रातून आले ना? तेच का निवडले?" आई संगणकावर चार शब्द टाकते. हाती लागतात त्या बहुतेक त्या दिवसाच्या बातम्या: किती लाकूड गेले, कोण उपस्थित होते, मिरवणूक कशी निघाली. हे सागवान इतके टिकाऊ का, ते कोणत्या जंगलात वाढते, ते तोडणारे आणि वाहणारे हात कोणाचे, आगारात त्याची प्रतवारी आणि लिलाव कसा होतो, यांविषयी मराठीत नीट लिहिलेले पान शोधता शोधता मुलाची जिज्ञासा संपून जाते. प्रश्न योग्य होता, शब्दही योग्य होते. त्या शब्दांच्या वाटेवर उत्तर घेऊन उभे राहणारे कोणी नव्हते.

नोंदशब्दाची परंपरा

शोधयंत्रात लोक जे शब्द टाकतात, त्यांना संगणकाच्या व्यवहारात 'कीवर्ड' म्हणतात. मराठीत त्यांना कळीचे शब्द म्हणता येईल. हे शब्द आधी हेरून, त्यांना धरून संकेतस्थळावरील मजकुराची आखणी करणे हा आज जगभरचा मोठा व्यवसाय आहे. तरीही संघटनेच्या कामात मुरलेल्या अनेकांना तो बाजारी उद्योग वाटतो. जाहिरातदारांचे हे तंत्र विचारांच्या कामात कशाला, असा त्यांचा सूर असतो.

मराठी माणसाला ही कल्पना मुळीच परकी नाही. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकरांनी गेल्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे प्रचंड कार्य तडीस नेले, तेव्हा त्यांच्यासमोरही हाच प्रश्न होता. वाचक कोणता शब्द मनात घेऊन कोश उघडेल? नोंदशब्द चुकला, तर उत्तम नोंदही वाचकाच्या दृष्टीने नसल्यासारखीच. कळीचा शब्द म्हणजे आजचा नोंदशब्द होय. भेद एवढाच, की कोशाचा नोंदशब्द संपादक ठरवीत असे आणि आज तो शोधणारा ठरवतो.

शोधयंत्राचे काम स्थूलमानाने तीन पायऱ्यांत चालते. ते महाजालावरील पाने वाचत जाते, त्यांची सूची तयार करते आणि कोणी प्रश्न विचारला की त्या सूचीतून उत्तरांचा क्रम लावते. पानाचा मथळा काय, मजकूर प्रश्नाला भिडतो का, इतर विश्वासार्ह पानांनी त्याचा दुवा दिला आहे का, अशा अनेक गोष्टी त्यात पाहिल्या जातात. प्रारंभीच्या काळात पानाच्या पोटात कळीच्या शब्दांची वेगळी यादी दडवून ठेवण्याची रीत होती. क्रम लावताना ही यादी विचारात घेतली जात नाही, असे गुगलने २००९ सालीच स्पष्ट केले. एकच शब्द मजकुरात पन्नास वेळा कोंबण्याला तर आज कपट मानले जाते आणि अशा पानाची घसरण होऊ शकते. 'पहिल्या क्रमांकाची हमी' देत फिरणाऱ्यांपासून सावध राहिलेले बरे. अशी हमी कोणालाही देता येत नाही, हे गुगलच सांगते.

एक गाव, अनेक नावे

या विषयाचा खरा कस बल्लारपुरात लागतो. नगराचे नाव बल्लारपूर. रेल्वेने येणारा उतरतो ते स्थानक बल्लारशाह आणि रेल्वेच्या रोमन लेखनात त्याचे रूप बल्हारशाह. कोणी 'बल्लारपुर' असा ऱ्हस्व उकार लिहितो, कोणी 'बल्लारशा' म्हणून थांबतो. १९४५ साली स्थापन झालेल्या कागद उद्योगाने हे नाव देशभर नेले, पण शेअर बाजारात 'बल्लारपूर' म्हटले की गाव बाजूला राहून कंपनीच डोळ्यांपुढे येई. इमारती लाकडाच्या बाजारात इकडच्या सागवानाला अजूनही 'सी. पी. टीक' म्हणतात. मध्य प्रांत हा इंग्रजी आमदनीतील प्रांत १९५० साली नकाशावरून गेला, तरी व्यापाऱ्याने तो शब्द सोडला नाही, कारण गिऱ्हाईक त्याच शब्दाने माल मागते. कळीच्या शब्दाचे सामर्थ्य याहून सोप्या रीतीने कोण समजावणार?

जिल्ह्याचेही तेच आहे. १९६४च्या सुमारास 'चांदा'चे 'चंद्रपूर' झाले. जुने दस्तऐवज, गॅझेटिअर, प्रवासवर्णने मात्र चांदा या नावाखालीच आहेत. ज्याला हे ठाऊक नाही, त्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने आपल्या जिल्ह्याचा जुना इतिहास जणू लिहिलेलाच नाही. १८५८ साली २१ ऑक्टोबरला चंद्रपुरात फासावर गेलेले वनवासी वीर बाबूराव शेडमाके यांचे नाव कोठे 'बाबूराव', कोठे 'बापूराव' असे आढळते. दोन्ही रूपे एकत्र नोंदवणारे एखादे साधार पान त्या हुतात्म्याच्या स्मृतीचे मोठे काम करू शकते.

त्यात मराठीचे व्याकरण भर घालते. 'बल्लारपूर' दीर्घ, पण 'बल्लारपुरात' ऱ्हस्व. 'ताडोबा' कधी 'ताडोब्याला' होतो. यंत्र या रूपांतरांत पूर्वीपेक्षा बरेच शहाणे झाले असले, तरी मराठीत त्याच्यापुढे असलेला मजकूर इंग्रजीच्या तुलनेत अत्यल्प आहे. म्हणून लिहिणाऱ्यानेच मथळ्यात मूळ रूप, मजकुरात स्वाभाविक रूपे आणि आरंभी एकदा 'बल्लारपूर, अर्थात बल्लारशाह' असा उल्लेख करावा. रोमन अक्षरांत मराठी टंकणाऱ्या तरुणांसाठी नावाचे रोमन रूपही एकदा यावे. यात फसवणूक काही नाही. पाहुण्याला वाट सापडावी म्हणून चौकात लावलेली ती पाटी आहे.

दुसऱ्याने लिहिलेली ओळख

हा विषय केवळ पर्यटनाचा किंवा विक्रीचा असता, तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. प्रश्न ओळखीचा आहे. चांदा जिल्ह्याचे गॅझेटिअर १९०९ साली निघाले, ते इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखणीतून. महसूल गोळा करणाऱ्याला जे दिसते ते त्यांनी परिश्रमपूर्वक टिपले. त्यांच्या मेहनतीला दाद द्यावीच लागेल. परंतु पुढच्या कित्येक पिढ्या आपल्याच गोंड राजांकडे, आपल्याच अरण्यांकडे त्या चष्म्यातून पाहत राहिल्या, हेही तितकेच खरे. आजचे गॅझेटिअर शोधयंत्राच्या पहिल्या पानावर आहे आणि ते रोज नव्याने लिहिले जात आहे.

शेजारच्या गडचिरोलीचे उदाहरण बोलके आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी हा जिल्हा स्वतंत्र झाला. पुढील चार दशकांत त्याचे नाव देशाच्या कानी पडले ते बहुतेक सुरुंगस्फोट आणि चकमकींच्या बातम्यांतून. ती वस्तुस्थिती होती, तिच्यात जवानांचे आणि निरपराध वनवासींचे रक्त सांडले आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा ज्येष्ठ म्होरक्या भूपती याने अनेक साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे ठेवली. जिल्हा कूस बदलत आहे. पण वैनगंगेकाठचे मार्कंडा येथील शिल्पसमृद्ध मंदिर, मेंढा (लेखा) गावाने मिळवलेला सामूहिक वनहक्क, गोंड आणि माडिया समाजाचे वनज्ञान, यांविषयी मराठीत साधार, सुबोध लेखन पुरेसे नसेल, तर यंत्र काय करील? जे विपुल आहे तेच पुढे ठेवील. २०२४ पासून तर शोधयंत्रे उत्तरांची यादी देण्याऐवजी स्वतःच उत्तर रचून सांगू लागली आहेत. ही रचना करताना ज्याचा मजकूर आहे त्याचाच सूर उमटणार. मौन पाळणाऱ्याची बाजू यंत्र मांडत नाही.

आधी आपले अंगण

दोष सगळा बाहेरच्यांवर टाकून भागणार नाही. राष्ट्रीय विचारांच्या संस्थांची संकेतस्थळे एकदा त्रयस्थपणे उघडून पाहावीत. 'कार्यक्रम उत्साहात संपन्न', 'मान्यवरांचे मार्गदर्शन', 'क्षणचित्रे' असे मथळे ओळीने दिसतात. कोणता जिज्ञासू हे शब्द टाकून काही शोधतो? वनवासी क्षेत्रात वसतिगृह चालवणारी संस्था वर्धापनदिनाचा वृत्तान्त देते, पण वसतिगृहात प्रवेश कसा मिळतो, कोणती कागदपत्रे लागतात, अर्ज केव्हा करायचा, हे लिहिण्याचे राहून जाते. भामरागडच्या किंवा एटापल्लीच्या पालकाला नेमके तेच हवे असते.

दुसरी चूक अधिक जुनी आहे. या शतकाच्या आरंभी मराठी मजकूर निरनिराळ्या टंकांत चढवला गेला. पडद्यावर तो मराठी दिसे, पण यंत्राला ती अर्थहीन रोमन अक्षरे वाटत. युनिकोड आले तरी जुने अंक तसेच पडून राहिले, काहींची नुसती छायाचित्रे झाली. महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत जपले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्यांनी परिश्रम केले, तेव्हा ते धन महाराष्ट्राच्या हाती लागले. महानुभावांनी ते समजून-उमजून केले होते. इथे मात्र अनवधानाने आपलेच लेखन कुलूपबंद झाले आहे. आजही उत्तम माहिती रंगीत चित्रावर छापून भ्रमणध्वनीवर फिरवली जाते आणि दोन दिवसांत विरून जाते.

मोह आणि मर्यादा

शब्दांची आखणी शिकताना एक मोह टाळावा लागेल. जे अधिक शोधले जाते तेच लिहावे आणि जसे खपते तसे लिहावे, ही त्या मार्गावरची निसरडी जागा आहे. वर्धेच्या तीरावर उभ्या असलेल्या बल्लारपूरच्या किल्ल्याची, खांडक्या बल्लाळशहाची आणि झरपट नदीच्या पाण्याने त्याची व्याधी बरी झाल्याची कथा लोकप्रिय आहे. ती आख्यायिका म्हणून प्रेमाने सांगावी. तिला 'थक्क करणारे गुप्त सत्य' असा मथळा देऊन इतिहास म्हणून विकू नये. अशाने चार दिवस गर्दी होईल, पण एकदा गेलेला विश्वास परत येत नाही. सत्याचा आग्रह धरणाऱ्या विचाराला असत्याच्या खांद्यावर बसून पहिला क्रमांक मिळवणे शोभणारे नाही. सुदैवाने यंत्राचे नियमही आता त्याच दिशेने वळत आहेत. यंत्राला भुलवण्यासाठी घाऊक प्रमाणात पाडलेल्या मजकुराविरुद्ध गुगलने २०२४ साली नियम कडक केले.

तेव्हा करायचे काय? काम अवघड नाही, चिकाटीचे आहे. बल्लारपूर-चंद्रपूर परिसरातील चार महाविद्यालयीन तरुण आणि दोन निवृत्त शिक्षक एवढी मंडळी पुरे. पहिल्या महिन्यात लेखणी उचलूच नये, केवळ प्रश्न गोळा करावेत. चैत्रात महाकालीच्या यात्रेला नांदेड-परभणीकडून येणारा भाविक काय विचारतो? गाडी केव्हा, मुक्काम कोठे, दर्शनाची वेळ काय. बल्लारशाहला उतरून ताडोबाकडे निघालेला प्रवासी काय विचारतो? कोणते प्रवेशद्वार जवळ. बांबूच्या वस्तू घेणारी गृहिणी 'हस्तकला उत्पादने' शोधत नाही. ती 'बांबूची राखी', 'सूप', 'टोपली' हेच शब्द टाकते. बुरडकाम करणाऱ्या भगिनींच्या मालाला गिऱ्हाईक मिळणे-न मिळणे या एका शब्दावर अवलंबून असू शकते.

मग प्रत्येक प्रश्नाला एक पान द्यावे. मथळा प्रश्नकर्त्याच्या बोलीतला, पहिल्याच परिच्छेदात थेट उत्तर, नंतर तपशील. छायाचित्राखाली ते कशाचे, कोठले हे अक्षरांत लिहिलेले. माहिती कोणी दिली आणि केव्हा तपासली याची नोंद असावी आणि परस्परसंबंधित पाने दुव्यांनी जोडावीत. वर्षातून एकदा प्रत्येक पान पुन्हा वाचून दुरुस्त करावे. मंदिराच्या दीपमाळेला रोज तेल घालावे लागते, तसेच हे काम आहे.

घरोघर संपर्क करणारा कार्यकर्ता एक गोष्ट अनुभवाने जाणतो. दारात उभे राहून भाषण सुरू करणाऱ्याला कोणी आत बोलावत नाही. घरातल्यांची अडचण आधी ऐकून घेणाऱ्याला मात्र चहा मिळतो आणि त्याचे म्हणणेही ऐकले जाते. कळीच्या शब्दांची आखणी म्हणजे हेच ऐकणे आहे. बल्लारपूरच्या सागवानाने अयोध्येच्या मंदिराला दारे दिली. त्या अरण्याची, ते राखणाऱ्या माणसांची आणि त्या नगराची कथा विचारत उद्या कोणी आले, तर मराठीत दार उघडणारे कोणी असले पाहिजे. ते उत्तर बल्लारपूरकरांनीच लिहायचे आहे.