अजिंक्य हंगाम आणि पुसला गेलेला प्रतिस्पर्धी

१/ ४१ सामने, ४१ विजय. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या महिला आइस हॉकी संघाचा २०१२-१३ चा हंगाम एवढ्या एका ओळीत सांगता येतो आणि बहुधा तेवढाच सांगितला जातो. ती ओळ खरी आहे, पण अपुरी आहे. त्या हंगामाच्या इतिहासात आणखी एक संघ आहे आणि तो आज अस्तित्वात नाही. #थ्रेड #इतिहास

२/ प्रथम खेळाविषयी. आइस हॉकी बर्फाच्या रिंकवर, पायांत स्केट्स घालून खेळतात. चेंडूऐवजी रबराची कठीण चकती असते, तिला ‘पक’ म्हणतात. गोलरक्षकासह प्रत्येकी ६ खेळाडू आणि २० मिनिटांचे तीन भाग. बाद फेरीत बरोबरी झाली तर २०-२० मिनिटांचे जादा भाग खेळवले जातात आणि पहिला गोल होताच सामना संपतो.

३/ आता दोन सनावळ्या. अमेरिकी महाविद्यालयांतील पुरुषांची राष्ट्रीय आइस हॉकी स्पर्धा १९४८ साली सुरू झाली. शिक्षणसंस्थांत लिंगभेदास मनाई करणारा ‘टायटल नाइन’ कायदा १९७२ साली आला. तरीही महिलांची तशीच राष्ट्रीय स्पर्धा सुरू होण्यास २००१ साल उजाडावे लागले. दोन्ही स्पर्धांच्या आरंभात ५३ वर्षांचे अंतर आहे. हा आकडा पुढे पुन्हा लागणार आहे.

४/ मिनेसोटाने हे अंतर कमी करण्यासाठी खर्च केला. २००२ साली मिनियापोलिस येथे उघडलेले ‘रिडर अरेना’ हे महाविद्यालयीन महिला आइस हॉकीसाठीच बांधलेले अमेरिकेतील पहिले क्रीडागृह होय. दहा वर्षांनी त्याच बर्फावर तो अजिंक्य हंगाम घडला. पराक्रमाला प्रतिभा लागते, तसेच छप्परही लागते.

५/ प्रतिभेची वाण नव्हतीच. प्रशिक्षक ब्रॅड फ्रॉस्ट यांच्या संघात अमांडा केसल होती. त्या हंगामात तिने ४६ गोल केले आणि ५५ गोलांना साहाय्य केले. गोलपाशी फिनलंडची नूरा रॅटी उभी असे. बहुतेक सामने मिनेसोटाने सहज जिंकले. पण मोठा हंगाम सहज जिंकलेल्या सामन्यांनी ओळखला जात नाही.

६/ १६ मार्च २०१३. राष्ट्रीय स्पर्धेची उपउपांत्य फेरी, समोर शेजारच्या राज्यातील नॉर्थ डकोटा विद्यापीठ. ६० मिनिटे संपली, बरोबरी. पहिला जादा भाग संपला, बरोबरी. दुसराही संपला. १०० मिनिटांचा खेळ उलटल्यावर तिसऱ्या जादा भागात केली टेरीने गोल केला आणि मिनेसोटा ३-२ असा तरला. नॉर्थ डकोटाचा एक गोल झाला असता, तर ‘अजिंक्य’ हा शब्द कोणी उच्चारलाही नसता.

७/ उपांत्य सामन्यात बोस्टन कॉलेजवर पुन्हा जादा वेळेतच ३-२ असा विजय मिळाला. २४ मार्चला अंतिम सामन्यात बोस्टन युनिव्हर्सिटीचा ६-३ असा पराभव झाला. ४१ पैकी ४१ सामने जिंकून मिनेसोटाने राष्ट्रीय विजेतेपद राखले.

८/ आधीच्या हंगामातील अखेरचे ८ विजय आणि हे ४१ मिळून सलग विजय ४९ झाले. पुढील हंगामात ही मालिका ६२ पर्यंत गेली. १७ नोव्हेंबर २०१३ रोजी ती तुटली, तीही रिडर अरेनामध्येच. तोडणारा संघ होता नॉर्थ डकोटा.

९/ हा संघ कोणता? ग्रँड फोर्क्स या लहान शहरातील विद्यापीठाने २००२-०३ च्या हंगामापासून उभा केलेला. त्याच शहराच्या जुळ्या बहिणी जोसलीन आणि मोनिक लॅमरू पहिल्या वर्षी मिनेसोटाकडून खेळल्या आणि मग घरच्या संघात परतल्या. तीन जादा भागांचा तो सामना त्यांच्या महाविद्यालयीन कारकिर्दीतील शेवटचा ठरला.

१०/ २९ मार्च २०१७ रोजी नॉर्थ डकोटा विद्यापीठाने महिला आइस हॉकी संघ बंद केला. पोहण्याचे संघही त्याच दिवशी बंद झाले. कारण दिले गेले ते अर्थसंकल्पातील कपातीचे. आठ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवणारा पुरुषांचा आइस हॉकी संघ अर्थातच कायम राहिला.

११/ विद्यापीठाची बाजू पोकळ नव्हती. राज्याचे अनुदान घटले होते. आइस हॉकी हा महागडा खेळ आहे. पुरुषांच्या सामन्यांना लोटणारी गर्दी आणि तिच्यातून येणारे उत्पन्न महिलांच्या सामन्यांना नव्हते. हिशेबाच्या वहीत पाहिले, तर निर्णय समजण्यासारखा वाटतो.

१२/ पण वहीत इतिहासाचा रकाना नसतो. प्रेक्षकांची निष्ठा पिढ्यान्‌पिढ्या घडते. आजोबा नातवाला सामन्याला नेतात, तेव्हा क्रीडागृहे भरतात. ज्या खेळाची राष्ट्रीय स्पर्धा ५३ वर्षे उशिरा सुरू झाली, त्याच्या १५ हंगामांच्या संघाला गर्दीच्या मापाने तोलणे म्हणजे रोपट्याला वडाची सावली मागण्यासारखे आहे. उशीर खेळाडूंनी केला नव्हता. दंड मात्र त्यांना झाला.

१३/ संघ बंद झाल्यावर अकरा महिन्यांच्या आत, २२ फेब्रुवारी २०१८ रोजी, प्योंगचांग ऑलिंपिकचा अंतिम सामना झाला. कॅनडा २-१ असा पुढे असताना शेवटच्या भागात मोनिकने बरोबरी साधली. निर्णय पेनल्टी शूटआउटवर गेला आणि तेथे जोसलीनचा गोल निर्णायक ठरला. अमेरिकेच्या महिलांना २० वर्षांनी सुवर्णपदक मिळाले. ज्या संघाने या दोघींना घडवले, तो तेव्हा उरला नव्हता.

१४/ माजी खेळाडूंनी टायटल नाइनचा आधार घेऊन न्यायालयात दाद मागितली. खालच्या न्यायालयाने दावा फेटाळला. २०२१ साली अपील न्यायालयाने तो निकाल फिरवून दावा पुन्हा चालू केला. म्हणजे प्रश्न केवळ भावनेचा नव्हता, हक्काचाही होता.

१५/ इतिहास विजेत्यांचे आकडे जपतो, हे जुनेच आहे. पण ४१-० या आकड्याला वजन आले ते १०० मिनिटांहून अधिक काळ झुंजणाऱ्या प्रतिस्पर्ध्यामुळे. तो संघ गुणवत्तेअभावी संपला नाही, हे त्या हंगामाच्या नोंदीतच लिहिलेले आहे. मिनेसोटाचा गौरव करताना नॉर्थ डकोटाचे नाव वगळणारा इतिहास विजेत्यांवरही अन्याय करतो, कारण त्यांचा सर्वांत अवघड विजय तो सांगतच नाही. (समाप्त)