सोडलेल्या शिक्षणाचा हिशेब: कचारगड, बडोदे आणि एक जुनी अट

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, दरेकसा स्थानकापासून जंगलात शिरलेल्या वाटेवर कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेला कोया पुनेमचे अनुयायी तेथे दूरदूरच्या राज्यांतून येतात.

गोंडी परंपरा सांगते की, कली कंकालीच्या 33 मुलांना शंभूने या गुहेत कोंडले होते. रायताड जंगोने त्यांची काळजी वाहिली. हिरासुका पाटालीरच्या संगीताने त्यांच्या अंगी बळ आले, दारावरची शिळा सरकली, आणि तिच्याखाली हिरासुकाचाच अंत झाला. पुढे पारी कुपार लिंगोने या मुलांना शिष्य करून घेतले. बंदिवास संपताच शिक्षण सुरू होते, असा या कथेचा क्रम आहे. शिळेची किंमत मुलांकडून कोणी वसूल केल्याचे मात्र तीत कोठेही येत नाही.

आज याच परिसरातील गोंड मुलेमुली ‘भारत सरकार शिष्यवृत्ती’वर महाविद्यालयात जातात. ही मॅट्रिकोत्तर योजना 1944 साली अनुसूचित जातींसाठी सुरू झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. 1948 मध्ये तिचा लाभ अनुसूचित जमातींनाही मिळू लागला. योजनेच्या नियमांत एक अट आहे, जिच्याकडे अर्ज भरताना क्वचितच कोणाचे लक्ष जाते: वर्षाच्या मध्येच शिक्षण सोडल्यास शिष्यवृत्तीची रक्कम परत करण्याचे दायित्व विद्यार्थ्यावर येते, आणि ती वसूल करायची की नाही हे राज्य शासनाच्या मर्जीवर असते.

या अटीचा विचार करताना बडोद्याची आठवण अटळ आहे. 1913 च्या जूनमध्ये तरुण भीमराव आंबेडकरांनी बडोदे संस्थानाशी करार केला. कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. बदल्यात दहा वर्षे संस्थानाची नोकरी. मुदत संपल्यामुळे 1917 मध्ये लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून ते परतले आणि कराराप्रमाणे बडोद्यात रुजूही झाले. पण तेथे अस्पृश्याला राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेतून लाठीधारी जमावाने बाहेर काढल्यावर त्यांनी काही दिवसांतच बडोदे सोडले. पुढे संस्थानाने पैशांची मागणी केली. कागदावर करार मोडणारे आंबेडकरच दिसतात. त्यांना टिकू न देणाऱ्या शहराची नोंद करारपत्रात कशी असणार?

वसुलीच्या प्रत्येक कागदात हाच दोष संभवतो. सोडणाऱ्याचे नाव त्यावर येते, सोडायला लावणारे कारण येत नाही. शिष्यवृत्ती पुष्कळदा वर्ष सरत आल्यावर हाती पडते. तोवर खोलीभाडे आणि खानावळ उसनवारीवर चालते. अशा स्थितीत घरी आजारपण निघाले की शिक्षण सुटते. खाल्लेला घास परत मागण्याला हिशेब म्हणणे कठीण आहे.

मग सोडून गेलेल्यांचा पैसा मोजूच नये काय? मोजावा, परंतु कसा, हे अमेरिकेकडून शिकण्यासारखे आहे. तेथे 1965 च्या उच्च शिक्षण कायद्यात 1998 साली झालेल्या दुरुस्तीने संघीय विद्यार्थी साहाय्य दिवसांवर मोजले जाते. 110 दिवसांच्या सत्रातून 33 व्या दिवशी बाहेर पडणाऱ्याने 30 टक्के साहाय्य ‘कमावलेले’ असते. 60 टक्के सत्र ओलांडल्यावर सगळेच त्याचे. उरलेल्यातील आपला वाटा विद्यापीठाला 45 दिवसांत परत करावा लागतो, आणि विद्यार्थ्याकडून अनुदान परत घेताना त्याच्या निम्म्या भागाला संरक्षण असते. ही व्यवस्थाही निर्दोष नाही. विद्यापीठाने परत केलेले शुल्क पुष्कळदा विद्यार्थ्याच्याच नावावर थकबाकी म्हणून चढते. तरीही तेथे आकडा आधी सांगता येतो.

महाराष्ट्राला याची निकड अधिक आहे. शिष्यवृत्तीच्या रकमा संस्थांनीच गैरमार्गाने उचलल्याच्या तक्रारींवरून राज्याला 2016 मध्ये विशेष पथक नेमावे लागले होते. म्हणून शुल्क आणि निर्वाह भत्ता यांचा हिशेब वेगवेगळा हवा. शुल्क ज्या संस्थेने घेतले तिने न शिकवलेल्या दिवसांचे पैसे प्रथम परत करावेत, आणि ते विद्यार्थ्याच्या नावे चढवू नयेत. भत्ता ज्या दिवसांचा, त्या दिवसांचा तो खर्च झालेलाच आहे. त्याला हात लावू नये. खोटी माहिती देऊन पैसे घेणाऱ्यांसाठी योजनेत वसुलीची निराळी तरतूद आहेच, तिचा धाक प्रामाणिकपणे गळालेल्यांना कशाला?

देवरीच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात शिक्षण सुटल्याचे सांगायला आलेल्या मुलीला, आपल्याकडून किती मागितले जाईल, हे आज कोणत्याही कोष्टकात पाहता येत नाही.