वांगणीच्या पोरीला चेंडू कशाला?

‘अगं, तिथे पोरांच्या पोटाला नाही आणि तुम्ही चेंडू कसले वाटताय?’ रस्त्यावरची मुलं आणि फुटबॉल हा विषय कार्यकर्त्यांच्या बैठकीत निघाला की हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. विचारणारी बहुतेक वेळा पाड्यापाड्यांत सगळ्यात जास्त फिरलेली असते, त्यामुळे तो हसण्यावारी नेता येत नाही. बोलणं वांगणीबद्दल चाललेलं असेल तर त्याला आणखीच धार येते.

तरुण मैत्रिणींसाठी वांगणी म्हणजे काय ते सांगायला हवं. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने लहान मुलं एकामागून एक गेली. सव्वाशे मुलं दगावल्याचा आकडा तेव्हापासून सांगितला जातो. जव्हार-मोखाडा त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते, पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. पुढाऱ्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या गाड्या आल्या, पत्रकार आले, योजना आल्या. २०१६ साली मोखाड्यातले बालमृत्यू पुन्हा पहिल्या पानावर होते. ज्या डिसेंबर १९९२ मध्ये वांगणीत हे चाललं होतं, त्याच महिन्यात आपल्या सरकारने संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला. त्याच्या ३१ व्या कलमात मुलांना विश्रांतीचा आणि खेळण्याचा हक्क दिलेला आहे. वांगणीत हे कलम कुणी वाचून दाखवलं असतं तर लोकांनी काय म्हटलं असतं, ह्याची कल्पना करवत नाही.

तरीही मी त्या कलमाच्या बाजूने लिहिते आहे. कारण पोट आणि खेळ ह्यांची अशी फारकत आपण ज्या मुलीला समोर ठेवून करतो, ती मुलगी आपल्याला नीट दिसलेलीच नाही.

वांगणीत मोजली गेली ती सहा वर्षांखालची बालकं. ज्यांनी त्यांना जन्म दिला त्यांची वयं किती होती? कोवळ्या वयात लग्न, अंगात रक्त नाही, कमी वजनाचं मूल, लगेच दुसरं बाळंतपण. हा फेरा आपण सगळ्याजणी शिबिरांतून फळ्यावर काढून दाखवत आलो आहोत. आता सरकारी रजिस्टरं बघा. अंगणवाडीच्या वहीत ती सहा वर्षांपर्यंत असते. शाळेतली खिचडी आठवीपर्यंत. त्यानंतर तिचं नाव एकदम अमृत आहार योजनेच्या यादीत उगवतं, गरोदर माता म्हणून! मधली चार-पाच वर्षं, आश्रमशाळेत टिकली तर ठीक, नाहीतर ती कुणाच्याच ताटात नाही आणि कुणाच्याच हिशेबात नाही. पुढच्या वांगणीची सुरुवात ह्याच वर्षांत होते.

ह्या वर्षांत ती असते कुठे? भात-नागली घरात आली, दिवाळी सरली की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांतून माणसं जगायला बाहेर पडतात. भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्या, बांधकामं, रेतीची कामं. वारली, कातकरी, ठाकर, कोकणा, सगळे. होळीला घरी यायचं, जमलं नाही तर पावसाच्या तोंडाशी. मुलं बरोबरच जातात. गावच्या शाळेत ती ‘स्थलांतरित’ आणि भट्टीजवळच्या गावात ‘बाहेरची’. रस्त्यावरची मुलं म्हटलं की आपल्याला व्ही.टी. स्टेशनच्या फलाटावरची मुलं आठवतात. पण वर्षातले सहा महिने नाक्यावर, भट्टीवर, अर्धवट इमारतीच्या पायथ्याशी काढणारी वांगणीची मुलगी रस्त्यावरची नाही तर कुठली?

भट्ट्यांवर संध्याकाळी गेलं की एक गोष्ट दरवेळी दिसते. मुलगे काहीतरी लाथाडत असतात. प्लास्टिकची बाटली, फुटका चेंडू, चिंध्यांचा गोळा. मुली बाजूला उभ्या असतात, कडेवर धाकटं भावंड. बघत असतात, हसतात, कुणी गोल केला की ओरडतातही. खेळत नाहीत. मराठीत ‘मुलं’ म्हटलं की त्यात मुलीही आल्या असं व्याकरण सांगतं, पण ‘मुलं खेळतायत’ म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर कोण येतं हे प्रत्येकीने स्वतःला विचारून बघावं.

फुटबॉलने आशा कशी दिली ह्याचं आपल्याकडचं मोठं उदाहरण नागपूरचं. हिस्लॉप कॉलेजात खेळ शिकवणाऱ्या विजय बारसे ह्यांनी २००१ साली पावसात वस्तीतली पोरं फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिली आणि त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभा राहिला. बेघरांच्या जागतिक फुटबॉल स्पर्धा २००३ पासून सुरू आहेत. तिथे २००७ साली कोपनहेगनला भारताचा संघ गेला तो ह्याच कामातून. व्यसनात बुडालेली, पोलिसांच्या वहीत नाव असलेली पोरं प्रशिक्षक झाली. नागराज मंजुळे ह्यांच्या २०२२ मधल्या ‘झुंड’मुळे ही गोष्ट घरोघरी पोचली. हे काम मोठं आहे, त्याबद्दल दुमत नाही.

पण अशा कामांचं कौतुक ज्या भाषेत होतं ती मला खटकते. पोरं सुधारली, गुन्हेगारीपासून दूर गेली, वस्ती शांत झाली. म्हणजे समाजाला ज्यांची भीती वाटते त्यांना चेंडू द्यायचा! मुलीची भीती कुणालाच वाटत नाही. ती कुणाच्या काचा फोडत नाही, साखळ्या ओढत नाही. ती मुकाट्याने पाणी आणते, भावंड सांभाळते, विटा उलटते आणि एक दिवस लग्न होऊन जाते. तिच्या पायाशी चेंडू आणून ठेवायची घाई कुणाला असणार?

‘झुंड’मध्येच एक आदिवासी मुलगी आहे, रिंकू राजगुरूने केलेली. परदेशी जाण्यासाठी तिला पासपोर्ट हवा आणि ती आहे हे सिद्ध करणारा एकही कागद तिच्याकडे नाही. बाप-लेक ह्या कचेरीतून त्या कचेरीत फिरतात. चित्रपटातल्या सामन्यांपेक्षा मला ते हेलपाटे जास्त लक्षात राहिले. जातीच्या दाखल्यासाठी, रेशनकार्डासाठी बायांबरोबर तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवलेल्या कुणालाही ते ओळखीचे वाटतील.

आपल्या चळवळीच्या जास्त जवळचं उदाहरण ठाणे जिल्ह्यातच आहे, मुंब्र्याचं. १९९२-९३ च्या मुंबईतल्या दंगलींनंतर घरदार सोडून आलेल्या मुसलमान कुटुंबांनी हे गाव भरून गेलं. तिथे २०१२ साली ‘परचम’ ह्या संघटनेच्या बायकांनी मुलींचा फुटबॉल सुरू केला. मुसलमान आणि हिंदू मुली एका संघात. त्यांनी कुणाकडे चेंडू मागितला नाही, मैदान मागितलं. गावात मैदानं होती, पण ती मुलग्यांनी भरलेली. तिथे मुलीने पाऊल टाकायचं म्हणजे सगळ्यांच्या नजरा झेलायच्या. म्हणून मुलींसाठी राखीव मैदान हवं, असं म्हणत त्यांनी सह्या गोळा केल्या आणि आमदारांना गाठलं. खेळायला जाते हे घरी कळल्यावर काय होतं, ओढणीचं काय, भावाने पाहिलं तर काय, हे सगळं त्या मुलींनी आपापसात बोलत, भांडत निस्तरलं. त्यांच्या स्पर्धेला नाव दिलं फातिमाबी-सावित्रीबाई! १८४८ मधल्या पुण्याच्या शाळेचा आणि मुंब्र्यातल्या मैदानाचा संबंध ह्याहून नेमका कुणी जोडून दाखवेल असं वाटत नाही.

म्हणून मला कबड्डी-खोखोपेक्षा इथे फुटबॉल महत्त्वाचा वाटतो. (कबड्डी आपली, तिला चेंडूही लागत नाही, आश्रमशाळांतल्या मुली ती झकास खेळतात, हे सगळं कबूल.) कबड्डी अंगणात, कोपऱ्यात मावते. फुटबॉलला गावातली सगळ्यात मोठी मोकळी जागा लागते आणि ती जागा कायम पुरुषांची असते. तिथे बावीस मुली पळतायत, ओरडतायत, पडतायत, पुन्हा उठतायत, असं गावाने रोज पाहिलं की काहीतरी हलतं. बाईने हळू बोलावं, हळू चालावं, पाय जुळवून बसावं हे जे अंगात मुरवलेलं असतं ते पायांतून सुटायला लागतं. पोरगी संघात असली की तिची चौकशी करणाऱ्या दहाजणी असतात. ‘ती चार दिवस आली नाही, घरी काय चाललंय?’ हे विचारत दारात उभं राहायला त्यांच्याकडे कारण असतं. ठरलेली सोयरीक वेळेवर कळते ती अशी. झारखंडमध्ये रांचीजवळच्या खेड्यांत ‘युवा’ ही संस्था २००९ पासून मुलींच्या फुटबॉलमधून बालविवाहाला अडवते आहे, ते संघाच्या ह्याच बळावर.

एकेकटीच्या यशाबद्दल मात्र मी सावध असते. मोखाड्याच्या शेजारीच त्र्यंबकेश्वर तालुका, तिथल्या सावरपाड्याची कविता राऊत. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक. अभिमान वाटतोच. पण तेव्हापासून प्रत्येक भाषणात ‘तुमच्यातूनही एक कविता घडेल’ हे ऐकावं लागतं. बाकीच्या शंभरजणींचं काय? ऑक्टोबर २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला, नवी मुंबईतही सामने झाले. आपल्या संघाची कर्णधार होती अष्टम उरांव, झारखंडमधल्या गुमला जिल्ह्याची आदिवासी मुलगी. मुलगी कर्णधार झाली म्हणून प्रशासनाने तिच्या घराकडे जाणारा रस्ता बांधायला काढला. त्या रस्त्यावर मजुरी करत होते तिचेच आईबाप. वर्तमानपत्रांनी ही बातमी कौतुकाने छापली. मी ती दोनदा वाचली आणि मला कौतुक करता येईना. रस्ता गावाचा हक्क होता, मुलगी कर्णधार होण्याची वाट कशाला पाहायची?

तर पुन्हा पोटाच्या प्रश्नाकडे. तो विचारणाऱ्या ताईंचं एक म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. उपाशी मुलीला पळवणं हा गुन्हा आहे. मैदानावर चेंडूच्या आधी उकडलेलं अंडं, गूळ-शेंगदाणे, भाकर काय असेल ते यायला हवं, आणि ते रोज. कंपनीच्या समाजसेवेच्या पैशातून एक दिवस बस येते, रंगीत टी-शर्ट वाटले जातात, फोटो निघतात, त्या फोटोखाली ‘आशा’ असं लिहिलं जातं. त्याला आपण हातभार लावू नये. रोजगार हमीचं काम वेळेवर निघालं आणि मजुरी हातात पडली तर ही मुलगी भट्टीवर जाणारच नाही. फुटबॉल त्या मागणीच्या जागी बसवायचा नाही, तिच्या शेजारी ठेवायचा.

आणि त्याच्याही आधी पाणी. जव्हार-मोखाड्यात पावसाळ्यात आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो आणि होळीच्या सुमाराला विहिरी तळाला जातात. मोखाड्यातली वैतरणा मुंबईची तहान भागवते आणि तिच्या काठावरच्या पाड्यातली बाई दोन डोंगर उतरून हंडा भरते. संध्याकाळचा जो एक तास मुलीला खेळायला मिळायला हवा, तो ह्या हंड्यात बुडालेला आहे. शहरातल्या संस्था येऊन म्हणतात, मुली सरावाला नियमित येत नाहीत, पालकांना जाणीव नाही. आईला जाणीव चांगली असते हो. तिला लेक मैदानावर गेली तर पाणी कोण आणणार हे माहीत असतं. पोरगा हंडा का उचलत नाही, हे विचारायचं धाडस मात्र संस्था करत नाहीत. ते आपल्याला करावं लागेल.

आणखी एक गोष्ट कुजबुजत न बोलता उघड बोलावी. प्रशिक्षक कोण असणार? बाहेरगावी स्पर्धेला मुलींबरोबर कोण जाणार? खेळाच्या क्षेत्रात मुलींचं काय काय होतं ते दिल्लीत २०२३ साली रस्त्यावर बसलेल्या कुस्तीगीर मुलींनी देशाला सांगितलं. पाड्यातल्याच दोघी-तिघी मोठ्या मुलींना, माहेरी परत आलेल्या तरुण बायांना प्रशिक्षक म्हणून तयार करावं आणि त्यांना मानधन मिळावं, ही अट आपण सोडता कामा नये.

पैसे कुठून, असं विचारलं जाईल. जव्हार आणि मोखाडा अनुसूचित क्षेत्रात आहेत, १९९६ चा पेसा कायदा इथे लागू आहे. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट इथल्या ग्रामपंचायतींकडे येतो आणि तो कशावर खर्च करायचा ह्यात ग्रामसभेचा शब्द चालतो. बहुतेक पाडे उतारावर, पण सपाटीचा एखादा तुकडा कुठेतरी असतोच, आश्रमशाळेचं मैदान असतं. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते, तिथे हे मांडता येईल: संध्याकाळी पाच ते सहा मैदान मुलींचं, तिथे रोजचा खाऊ, दोन बाया प्रशिक्षक, आणि त्या तासाचं पाणी घरातल्या पुरुषांनी भरायचं. शेवटच्या ओळीला सभेत हशा पिकेल. पिकू द्यावा, पण ओळ ठरावात लिहून घ्यायला लावावी. भिवंडी-वसईकडे काम करणाऱ्या मैत्रिणींनी भट्टीमालकाकडे तेवढीच जागा आणि तेवढाच तास मागावा.

सभा मात्र दिवाळीच्या आधी लावा. नंतर लावून उपयोग नाही. तोवर निम्मा पाडा ट्रकमध्ये चढलेला असतो आणि जिच्यासाठी ठराव करायचा तीही त्याच ट्रकमध्ये बसलेली असते, धाकट्याला मांडीवर घेऊन.