रंगभवनातली हलगी



या खेपेला पेरणी-पाण्याचं काही नाही. शेजारच्या घरातली एक गोष्ट आहे, आणि तिच्या पोटात थोडी माझीही आहे.

२०२५ च्या जानेवारीत पौषी पौर्णिमा १३ तारखेला आली. पौषी पौर्णिमा म्हणजे आमच्या नळदुर्गात खंडोबाची यात्रा. ज्यांना ठाऊक नसेल त्यांना सांगतो, आमचा खंडोबा दोन गावांचा आहे. देवळं दोन, मूर्ती एकच. सव्वादहा महिने देव अणदूरला राहतो आणि पावणेदोन महिने आमच्याकडं. यात्रेला लेकी माहेरी येतात, कामाधंद्याला बाहेर गेलेली पोरं गावाकडं येतात. शेजाऱ्यांचा पोरगा मात्र आला नाही. तो नव्या मुंबईला एका गोदामात माल मोजायच्या कामावर आहे. सुट्टी मिळत नाही म्हणाला. आईनं त्याच्या नावानं भंडारा वाहिला, बापानं काही बोलून दाखवलं नाही.

पुढच्या शनिवारी, म्हणजे १८ तारखेला, नव्या मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कोल्डप्ले नावाच्या इंग्लंडच्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला. पोरगा दिवसभर काम करून, संध्याकाळी गोदामातल्याच एका सोबत्याबरोबर तिथं गेला. दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्याचं चित्रण बापाला मोबाईलवर दाखवलं. हजारो माणसं, प्रत्येकाच्या मनगटावर रंग बदलणारा पट्टा, आणि मधोमध आपलं लेकरू दोन्ही हात वर करून उड्या मारतंय.

शेजारी तसेच माझ्याकडं आले. "बघा हे! इथं देवापुढं यायला सुट्टी नाही, अन् तिथं नाचायलाय! अडीच हजाराचं तिकीट हाय म्हणं!"

अडीच हजार म्हणजे किती, हे शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. त्या हंगामात सोयाबीनचा सरकारी हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि आडतीवर तेवढाही पदरात पडत नव्हता. म्हणजे पन्नास किलोहून जास्त सोयाबीन एका रात्रीत गेलं. बापाचा जीव तुटला त्यात नवल नाही. त्यांनी पोराशी बोलणंच टाकलं.

मी त्यांना चहा दिला आणि पंचेचाळीस वर्षांपूर्वीची माझी गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगतो.

मी १९८० साली मुंबईत गिरगावच्या एका छापखान्यात कंपोझिटर होतो. वय वीस. १९७२ च्या दुष्काळात आईबरोबर खडी फोडायला गेलेलं पोरगं मी. तिथून सुटून खिळे जुळवायच्या कामाला लागलो. आजच्या पोरांना खिळे म्हणजे काय ते कळणार नाही. एकेक अक्षर शिशाचं, तेही उलटं. मराठीच्या पेटीत काना, मात्रा, वेलांटी, अर्धी अक्षरं अशी शेकड्यानं घरं. त्यातून बोटांनी न बघता खिळा उचलायचा, ओळ बांधायची, आणि छपाई झाली की सगळे खिळे धुऊन पुन्हा आपापल्या घरात टाकायचे. दिवसभर उभं राहून संध्याकाळी पोटऱ्या दगड व्हायच्या.

शेजारी ट्रेडल मशीनवर एक गोव्याचा गडी होता. ट्रेडल म्हणजे पायानं चालवायचं यंत्र. एका हातानं कोरा कागद लावायचा, दुसऱ्या हातानं छापलेला काढायचा, आणि पाय थांबू द्यायचा नाही. हात चुकला तर बोट जायचं. हा सगळ्यांना 'पात्रांव' अशी हाक मारायचा, म्हणून आम्ही त्यालाच पात्रांव म्हणू लागलो. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. तो धोबीतलावला कुडीत राहायचा. कूड म्हणजे गोव्यातल्या एकेका गावानं मुंबईत आपल्या माणसांसाठी चालवलेली राहायची जागा. भिंतीला लागून एकेकाची ट्रंक, आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना. आपल्याकडं हरिपाठ, त्यांच्याकडं ती.

त्याआधीच्या कार्तिकात माझे वडील वारले होते. तार हातात पडली, रात्रीच्या गाडीनं सोलापूर गाठलं, तिथून एस.टी.नं नळदुर्ग. तरी मी पोचलो तोवर तिसरा दिवस उलटला होता. राख सावडून झाली होती. तेरावा उरकला आणि मी परत कामावर आलो, कारण घरात आता मिळवता मी एकटाच. डोळ्यांतून टिपूस आलं नाही. पाच महिने मी खाली मान घालून खिळे जुळवत होतो. कुणाशी बोलत नव्हतो, जेवणाला चव नव्हती.

मार्च महिना. पाडवा नुकताच झालेला, लग्नसराई तोंडावर, पत्रिकांचा ढीग पडलेला. त्या दिवशी मी सबंध दिवस 'आमचे येथे श्रीकृपेकरून' हेच जुळवत होतो. संध्याकाळी हात धुताना पात्रांव म्हणाला, "आज खोलीवर जायचं नाही. माझ्याबरोबर यायचं." त्याच्या कुडीतला एक जण हॉटेलात वाजवायचा. त्याच्याकडून दोन तिकिटं मिळाली होती.

कार्यक्रम धोबीतलावच्या रंगभवनात होता. वर उघडं आभाळ असलेलं थिएटर. इंग्लंडहून 'द पोलिस' नावाची मंडळी आली होती. मी नाव ऐकून घाबरलोच! पात्रांव हसला. म्हणाला, "ते पोलिस नाहीत. रॉक वाजवतात." इंग्रजीत रॉक म्हणजे खडक, एवढं मला ठाऊक होतं. खडक तर मी बहात्तर साली पोटभर फोडले होते. या गाण्यातल्या रॉकचा अर्थ मात्र डोलणं, हेलकावणं असा आहे, हे मला नंतर कळलं.

आत सगळी कॉलेजची पोरं-पोरी, इंग्रजी बोलणारी. माझ्या अंगात कामाचाच सदरा, नखांत काळी शाई. हात खिशात घालून बसलो. रंगमंचावर माणसं तीनच. एक ढोलांच्या ढिगामागं, एक गिटारवाला, आणि एक चार तारांची मोठी गिटार वाजवत गाणारा. ही गिटार विजेची असते. पोलादी तारांखाली लोहचुंबक असतो, त्याला तांब्याची केसासारखी तार गुंडाळलेली. वरची तार थरथरली की खाली बारीकसा विजेचा प्रवाह उठतो, आणि यंत्र तो मोठा करून कर्ण्यातून बाहेर फेकतं. पहिला आवाज झाला तेव्हा मला वाटलं, छातीवर कुणी पहार घातली. उठून जावंसं वाटलं. शब्द तर एकही कळत नव्हता.

मग माझं लक्ष ढोलवाल्याकडं गेलं. तो ठोका आपण धरतो तिथं द्यायचा नाही. आपण एक म्हणेपर्यंत गप्प, आणि दोन ठोक्यांच्या मधल्या रिकाम्या जागी हाणायचा. पाय आपोआप उचलायचा. अशी खोड मी एकाच ठिकाणी पाहिली होती. आमच्या यात्रेत, पालखीपुढच्या हलगीवाल्यात.

आणि मंडळी, मला वडील दिसले.

माझे वडील फार कडक. वर्षभर त्यांचं हसू कुणी पाहिलं नाही. पण पौषी पौर्णिमेला हलगी कडाडली की धोतराचा सोगा खोचून, कपाळ पिवळं करून ते पालखीपुढं असे नाचायचे, की आई पदर तोंडाला लावायची. त्या रात्री त्या परक्या गर्दीत, वर चैत्राचा वाढता चंद्र, आणि मी हमसून हमसून रडलो. आवाज एवढा होता की कुणाला ऐकू गेलं नाही. पात्रांवनं माझ्याकडं पाहिलं नाही. नुसता माझ्या पाठीवर हात ठेवला आणि गाणं संपेपर्यंत काढला नाही.

बाहेर फुटपाथवर चहा पिताना त्यानं विचारलं, "बाप आठवला?" मी मान हलवली. मग तो म्हणाला, त्याचा बाप बोटीवर कामाला होता, दर्यावरच गेला. यांना माती द्यायलाही मिळाली नाही. वर्ष-दीड वर्ष शेजारी उभं राहून काम केलं, पण हे एकमेकांना ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी डब्यातली भाकरी पाच महिन्यांत पहिल्यांदा चवीनं खाल्ली.

त्या तिघांची माहिती मला पुष्कळ वर्षांनी वाचायला मिळाली. तो गाणारा, स्टिंग, हा उत्तर इंग्लंडमधल्या जहाजं बांधणाऱ्या गावातल्या दूधवाल्याचा मुलगा. लहानपणी बापाबरोबर घरोघर दूध घालायला जायचा. गाण्यात पडण्याआधी शाळेत मास्तर होता. आणि तो रिकाम्या जागी पडणारा ठोका जमैका बेटावरच्या रेगे संगीतातून आलेला. जमैकात गोऱ्या मळेवाल्यांनी आफ्रिकेतून माणसं गुलाम करून आणली, ती उसाच्या मळ्यांत राबवायला. १८३८ साली ती पुरती सुटली, तेव्हा मळेवाल्यांनी १८४५ पासून आपल्या हिंदुस्थानातली माणसं करारावर नेली. म्हणजे तो ठोका ऊसतोड्यांच्या नातवंडा-पतवंडांचा! आपल्या भागातली माणसं कोयता घेऊन कारखान्यांवर जातात. त्यांना तो परका का वाटावा?

आणि आपलं नळदुर्ग तरी नादाला परकं कुठं आहे? किल्ल्यात बोरी नदीवर जो बांध आणि त्याच्या पोटात पाणीमहाल आहे, तो दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, १६१३ सालचा. हा विजापूरचा राजा गाण्याचा वेडा होता. आपल्या तंबोऱ्याला त्यानं 'मोतीखान' असं नाव दिलं होतं. 'किताब-ए-नवरस' नावाचं गाण्यांचं पुस्तक त्यानं दखनी भाषेत रचलं, आणि मुसलमान राजा असून त्यात सरस्वती-गणपतीची स्तुती केली. पावसाळ्यात नर-मादीचे धबधबे कोसळतात तेव्हा पाणीमहालाच्या खिडकीत उभं राहून बघा. तोही आवाज छातीतच घुमतो.

पुढच्या पौषात, म्हणजे १९८१ च्या जानेवारीत, मी पात्रांवला यात्रेला नळदुर्गला आणलं. म्हटलं, तू मला तुझ्या जत्रेला नेलंस, आता माझ्या जत्रेला चल. तो भंडाऱ्यात न्हाला. हलगी मागून घेतली, बारीक काडी चुकीच्या हातात धरली, आणि सगळी आळी पोट धरून हसली. आईनं त्याला भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली. तिखटानं डोळ्यांत पाणी आलं तरी त्यानं पुन्हा मागून घेतली. पुढं आई होती तोवर दर नाताळात तिच्या नावानं गोव्याहून दोदोलचं पुडकं यायचं. तांदळाचं पीठ, नारळ आणि काळा गूळ. आई म्हणायची, आपल्या पाहुण्याचं आलं.

रंगभवनातले तसले कार्यक्रम पुढं बंद पडले. ती जागा शांतता क्षेत्रात धरली गेली आणि आवाजाचे नियम आडवे आले. छापखान्यातले खिळे भंगारात गेले. मी गावी परतलो. पण ती रात्र नसती, तर मी मुंबईत टिकलो असतो की नाही, मला सांगता यायचं नाही.

हे सगळं ऐकून शेजारी गप्प बसले. मग म्हणाले, "पण पैसे?"

पैशाचं बोलायचा बापाला हक्क आहेच. घरी देणं असताना दर महिन्याला असली चैन नको, हे पोराला स्पष्ट सांगावं. ते मीही सांगेन. पण बोलणं टाकून पोर घरी येत नाही. दिवसभर गोदामात ओझी मोजणाऱ्या पोराला एक रात्र चार माणसांत हात वर करून ओरडावंसं वाटलं, तर ते आपण पालखीपुढं जे करतो त्याहून फार वेगळं नाही. आणि तो एकटा गेला नव्हता. कामावरचा सोबती होता. परक्या गावात पोराला असा सोबती आहे, ही काळजीची गोष्ट आहे की काळजी मिटायची?

देव दोन गावांत राहतो, तर आपण त्याला परका म्हणत नाही. त्याची सव्वादहा महिने वाट बघतो, सामोरे जातो.

संध्याकाळी शेजाऱ्यांच्या ओसरीवरून फोनचा आवाज आला. भिंत एकच, त्यामुळं ऐकू येतं. आधी थोडं रागाचं झालं. मग तिकिटाचा हिशेब झाला. आणि मग आवाज खाली आला.

"बरं, तुझ्यासंगं कोण होतं रे? कुठल्या गावचा हाय तो?"