मिस्त्रीचा प्रामाणिकपणा आणि कास्तकाराची उधारी

वरोरा तालुक्यातील कोणत्याही गावी पारावर बसा, ट्रॅक्टरचा विषय निघाला की 'मिस्त्री लुटतात' हे वाक्य ऐकू येतेच. आणि नागपूर-चंद्रपूर रस्त्यावरील एखाद्या गॅरेजात बसा, तर 'कास्तकार पैसे देत नाहीत' हे ऐकू येते. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. पण पहिली दुसरीतून वाढते आणि दुसरी पहिलीतून, हे मात्र कोणी बोलत नाही.

आधी कास्तकाराची बाजू पाहू. मृगाचा पाऊस पडला, वापसा आला आणि नेमका त्याच दिवशी ट्रॅक्टर बंद पडला, तर 'अडला हरी' अशी गत होते. मिस्त्री सांगेल तो आकडा मान्य करावा लागतो. लबाडीला जागा मिळते ती इथे. साधा लोकल पार्ट टाकून कंपनीच्या पार्टचे पैसे घेणे, न बदललेला पार्ट बिलात धरणे, काढलेला चांगला पार्ट ठेवून घेणे, हे प्रकार सर्वांना ठाऊक आहेत. त्याहून महागात पडते ते विनाकारण इंजिन खोलणे. ट्रॅक्टर काळा धूर टाकतो, ओढत नाही, तर पुष्कळदा एअर क्लीनर चोंदलेला असतो किंवा नोझल खराब असते. निळा धूर म्हणजे ऑइल जळते. तिथे पिस्टन रिंगचा संशय घ्यावा. सेल्फ फिरत नाही, तर आधी बॅटरीचे टर्मिनल घासून पाहावे. प्रामाणिक मिस्त्री स्वस्तातले कारण आधी तपासतो, महागातले शेवटी. लबाड मिस्त्री उलट्या टोकाने सुरुवात करतो.

उधारीचे व्याज कोण भरतो?

आता गॅरेजवाल्याची वही उघडू. सुटे भाग त्याला चंद्रपूर किंवा नागपूरहून आणावे लागतात, आणि तिथला दुकानदार फार दिवस थांबत नाही. जूनमधल्या दुरुस्तीचे पैसे कास्तकार देतो कापूस विकल्यावर, म्हणजे पाच-सहा महिन्यांनी. कधी पीक बुडाले तर पुढच्या साली. तोवर मिस्त्रीचे भांडवल अडकून पडते. मग तो काय करतो? पुढच्या बिलात चार पैसे चढवतो. ते खरे तर उधारीचे व्याज असते, पण व्याज म्हणून कुठे लिहिलेले नसते, म्हणून त्याची लबाडी होते. शिवाय ते भरतो रोख देणारा. बुडवणारा मोकळाच राहतो. जो मिस्त्री असे पैसे चढवत नाही, त्याचेच दुकान आधी बसते. गावात प्रामाणिक माणूस उरत नाही, अशी हळहळ करण्यापूर्वी हा हिशेब प्रत्येकाने तपासावा.

यावर तोड नाही असे नव्हे. किसान क्रेडिट कार्डाच्या २०१२ च्या सुधारित योजनेत पीककर्जाची मर्यादा ठरवताना शेतीच्या साधनांच्या दुरुस्ती-देखभालीसाठी आणखी २० टक्के रक्कम धरण्याची तरतूद आहे. पिकाचा खर्च १ लाख रुपये धरला, तर दुरुस्तीला २० हजार. ही रक्कम बियाणे-खतात विरून जाते ती जाते, आणि दुरुस्ती उधारीवर येते. सोसायटीच्या सचिवांनी व बँकेच्या शाखेने ही तरतूद कास्तकाराला समजावून सांगितली आणि त्याने तेवढे पैसे बाजूला ठेवले, तर निदान पार्टचे पैसे रोख देता येतील. मजुरी सुगीवर ठेवली तरी मिस्त्री तग धरू शकतो.

बिल मागणे म्हणजे अपमान नव्हे

बिल मागितले की मिस्त्रीला राग येतो, आणि ओळखीच्या माणसाकडे बिल कसे मागावे म्हणून कास्तकारही गप्प बसतो. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सेवेचे बिल किंवा पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. हा कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. फसवणूक झाल्यास दोन वर्षांच्या आत चंद्रपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असेही नाही. १९१५ या क्रमांकावर फोन करून आधी सल्ला घेता येतो. मात्र हातात कागद नसेल तर आयोग तरी काय करणार?

कराचेही तसेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरचे टायर व ठराविक सुटे भाग यांवरील जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. मोटारसायकल व ट्रकच्या सुट्या भागांवरचा २८ वरून १८ वर आला. हा फायदा आपल्यापर्यंत पोचला की नाही, हे बिलावरच दिसेल. ज्या गॅरेजची नोंदणी नाही, त्याला जीएसटी आकारताच येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

कायद्याचे हत्यार एकाच हाताला दिलेले नाही. केलेल्या कामाची मजुरी मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवण्याचा हक्क १८७२ च्या करार कायद्याने कारागिरालाही दिला आहे. लेखी अंदाजपत्रक असले की हा वाद बहुधा उद्भवतच नाही.

मिस्त्रीच्या हातात नसलेली अडचण म्हणजे कंपन्यांचे धोरण. अस्सल पार्ट आणि दुरुस्तीची माहिती अधिकृत विक्रेत्यालाच मिळाली, तर गावातला मिस्त्री करणार काय? याच कारणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना २,५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. कंपन्या त्याविरुद्ध अपिलात गेल्या. केंद्राने २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली, त्यात शेती अवजारांचा समावेश केला. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात तर शेती यंत्रांच्या दुरुस्तीची माहिती व साधने शेतकऱ्याला देणे कंपन्यांना जानेवारी २०२४ पासून बंधनकारक आहे. आपल्या शेतकरी संघटनांनीही ही मागणी लावून धरायला हवी.

तोपर्यंत गावपातळीवर करण्यासारखे पुष्कळ आहे. सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ग्रामसभेत हा विषय घ्यावा आणि मिस्त्रींनाही बोलवावे. दुकानात मजुरीच्या दराचा फलक, काम सुरू करण्यापूर्वी अंदाज, खर्च वाढणार असेल तर आधी निरोप, काढलेला पार्ट मालकाच्या हाती आणि शेवटी बिल, एवढ्या गोष्टी मिस्त्रीने पाळाव्यात. पार्टचे पैसे रोख आणि मजुरीची तारीख पक्की, एवढे कास्तकाराने पाळावे.

आपल्याच वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी आनंदवन उभे केले, तेव्हा सुरुवातीला कुष्ठरुग्णांच्या हातचा भाजीपाला घ्यायला लोक कचरत. पुढे त्याच हातांच्या मालाला मान मिळाला, तो मालाचा चोखपणा लोकांनी डोळ्यांनी पाहिला म्हणून. विश्वास नुसत्या बोलण्याने बसत नाही. मिस्त्रीचा चोखपणाही बिलात आणि काढून दिलेल्या पार्टमध्ये दिसला पाहिजे, आणि तो ज्याला दिसला त्याने त्याची मजुरी थकवू नये.