डार्ट लागला म्हणजे वाघ पडला?

चंद्रपूर-गडचिरोलीत वाघाने माणूस मारला की चावडीपासून विधानसभेपर्यंत दोनच सवाल ऐकू येतात. बेशुद्धीची बंदूक असताना वाघ पकडायला महिने का लागतात? आणि जमत नसेल, तर गोळी घालून मोकळे का होत नाही? ज्याच्या घरचा माणूस गेला, त्याने हे विचारणे रास्तच आहे. पण दोन्ही सवालांच्या मुळाशी एकच समज आहे, की हत्यार हाती आले म्हणजे काम झाले. तो समज चुकीचा आहे.

बेशुद्धीच्या बंदुकीतला डार्ट म्हणजे उडती सिरिंज. रायफलची गोळी शेकडो मीटर जाते. डार्टचा भरवसा 20 ते 40 मीटरपर्यंतच. बांबूची काडी आडवी आली तरी त्याची दिशा बदलते. मांडीच्या किंवा खांद्याच्या जाड स्नायूतच तो बसावा लागतो. पोटात बसला तर जनावर जायबंदी होते. औषधाची मात्रा वजनावर ठरते आणि वजन ठरते झाडीतून बघून, अदमासाने. मात्रा कमी पडली तर अर्धवट शुद्धीतला वाघ अंगावर येतो, जास्त झाली तर दगावतो. सहसा झायलाझीन आणि केटामाइन एकत्र देतात. त्यातल्या झायलाझीनवर उतारा आहे, केटामाइनवर नाही. नेम अचूक लागला तरी वाघ काही मिनिटे चालत राहतो. तेवढ्यात नाल्यात पडला तर बुडून मरतो. म्हणून बंदूकवाल्याइतकाच माग काढणारा महत्त्वाचा.

मग गोळीच का नको? वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम 11 सांगते, की पकडणे, बेशुद्ध करणे वा हलवणे अशक्य ठरले तरच मारण्याची परवानगी. त्यामागे व्यवहारही आहे. चुकीच्या वाघाला डार्ट लागला तर त्याला सोडता येते. चुकीच्या वाघाला गोळी लागली तर तो जातो आणि नरभक्षक मोकळाच राहतो. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री नरभक्षक ठरवलेल्या अवनी वाघिणीला गोळी घातली गेली, तेव्हा पशुवैद्यक जागेवर नव्हता. व्याघ्र प्राधिकरणाच्या समितीने नियमभंगावर बोट ठेवले आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

आता दुसरी बाजू पाहा. गडचिरोली, भंडारा आणि चंद्रपूर जिल्ह्यांत 13 बळी घेतल्याची नोंद असलेला सीटी-1 वाघ 13 ऑक्टोबर 2022 रोजी वडसा वनक्षेत्रात जिवंत जेरबंद झाला. त्याआधी ट्रॅप कॅमेऱ्यातल्या पट्ट्यांवरून ओळख पटवणे, पावलांचे ठसे वाचणे, सावज बांधून तासन्‌तास बसणे, हे सगळे झाले होते. बंदुकीचा चाप ओढणे हा त्यातला शेवटचा क्षण.

या तयारीच्या नावाखाली दिरंगाई खपवावी, असे मात्र मुळीच नाही. दिरंगाई टाळायची तर मुरलेली माणसे जवळ हवीत. प्रत्येक वनविभागाला स्वतःचा पशुवैद्यक, सराव असलेला नेमबाज आणि माग जाणणारे वनमजूर कायम पदांवर मिळाले पाहिजेत. आमदारांकडे निवेदन न्याल, तेव्हा नव्या बंदुकांच्या आधी या पदांची मागणी लिहा.