निनावी पत्र फाडण्यापूर्वी

'ज्याला सही करण्याचे धैर्य नाही, त्याचे पत्र वाचूच नये,' असा आग्रह आपल्या धर्मग्रामांतून वारंवार ऐकू येतो. तो बाणेदार वाटतो खरा. आम्हाला मात्र तो मान्य नाही.

काटोलसारख्या गावात हस्ताक्षरावरून घर ओळखले जाते. ज्याच्या संत्र्याच्या बागेत मजुरीला जायचे, त्याच्याविरुद्ध नावानिशी लिहा, असे एखाद्या विधवेस सांगणे म्हणजे तिला गप्प बसायला सांगणेच होय. धैर्याचा उपदेश बहुधा तेच करतात, ज्यांना त्याची किंमत मोजावी लागत नाही.

१८८५ साली 'टाइम्स ऑफ इंडिया'त बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांवर 'एक हिंदू स्त्री' या सहीने पत्रे आली. लेखिका होत्या रखमाबाई. बालपणी लग्न लावून दिलेल्या पतीकडे नांदायला जाण्यास त्यांनी नकार दिला, म्हणून त्याने १८८४ मध्ये गुदरलेला दावा तेव्हा चालू होता. १८८७ मध्ये निकाल विरुद्ध गेला, तेव्हा याच बाई तुरुंगात जाण्यास सिद्ध झाल्या. त्यांना भित्र्या कोण म्हणेल?

यावर कोणी आपल्या विदर्भातील, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे उदाहरण देईल. १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' त्यांनी स्वतःच्या नावाने छापली. त्यांना आमचा नमस्कार. परंतु त्यानंतर त्यांचे दुसरे पुस्तक ज्ञात नाही, हेही विसरू नये.

मग चिखलफेक करणाऱ्या निनावी चिठ्ठ्यांचे काय? पापनिवेदनाच्या जाळीआडून बोलणाऱ्यास आपण नाव विचारीत नाही. परंतु तेथे मनुष्य स्वतःचे पाप सांगतो, शेजाऱ्याचे नव्हे. शेजाऱ्याची चूक प्रथम त्याला एकांतात सांगावी, मग साक्षीदार न्यावेत, ही संत मत्तयच्या अठराव्या अध्यायातील शिकवण आहे. ज्याला असे समोर जाता येते आणि तरीही जो आडून लिहितो, त्याचा आम्ही निषेधच करतो. मात्र जिला समोर जाणेच धोक्याचे आहे, तिला त्याच मापाने मोजू नये.

धर्मगुरूंकडून अल्पवयीनांवर होणाऱ्या अत्याचारांच्या चौकशीसाठी रोमने २०२० मध्ये मार्गदर्शिका काढली. तक्रार निनावी आहे एवढ्यावरून ती खोटी ठरवू नये, असे तीत स्पष्ट सांगितले आहे. जो निकष आम्हा धर्मगुरूंना लागू, तो धर्मग्रामातील प्रतिष्ठितांना का नसावा?

आम्हीही एकदा असे एक पत्र न वाचता फाडले होते. त्यातील गाऱ्हाणे खरे होते, हे फार उशिरा कळले. ते तुकडे आजही आमच्या मनात जुळत नाहीत.

म्हणून पत्र वाचावे. पुराव्यावाचून कोणास दोषी ठरवू नये, पण हस्ताक्षराचा मागही काढू नये. आणि लिहिणाऱ्याने जे स्वतः पाहिले तेवढेच, दिवस व ठिकाणासह लिहावे. जमल्यास एका विश्वासू व्यक्तीला तरी आपले नाव सांगून ठेवावे. कागदावर सही नसली, तरी लिहिणारा देवाला ठाऊक असतो; आणि फाडणाराही.